थंडीत पिकअप सकाळी पकडत नाही? : तुमचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, थंडी पडली की पिकअप सकाळी लवकर स्टार्ट होत नाही. निफाडकडचे शेतकरी, भिलारचे स्ट्रॉबेरीवाले, धुळ्याचे भाजीवाले, आणि दोन तर पार लांबचे, एक लडाखला निघालेले आणि एक कॅनडातून. म्हणून हे अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय, क्लचप्लेट आणि टायरवाल्यांनी पुढच्या वेळेपर्यंत जरा दम धरा. बऱ्याच जणांनी गाडीचं नाव, गॅरेजचं नाव सगळं लिहिलंय, ते मी काढून टाकलंय. नव्या बीएस-६ (म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल पिकअपचं तत्त्व सगळ्यांचं सारखंच असतं, नावाने काही फरक पडत नाही.

प्रश्न : नमस्कार दादा, मी निफाड तालुक्यातला. २०२१ ची बीएस-६ डिझेल पिकअप आहे, ८५ हजार किमी झालेत. पहाटे साडेचारला भाजीचे क्रेट भरून मार्केटला निघायचं असतं. उन्हाळ्यात चावी फिरवली की लगेच स्टार्ट, पण आता थंडीत पहिल्यांदा सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो. सेल्फ चांगला जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, मग एकदम फडफड करत चालू होतं, पांढरा धूर काढतं आणि मिनिटभराने सुरळीत होतं. नंतर दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही त्रास नाही. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलायला लावली, फरक शून्य. आता म्हणतो चारही इंजेक्टर गेलेत. खर्चाचा आकडा ऐकूनच हुडहुडी भरली.

उत्तर : भाऊ, इंजेक्टरला (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो) सध्या कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, तुम्ही जेवढं नीट लिहिलंय तेवढं गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं असतं तर बॅटरीचे पैसे पण वाचले असते.

पहिली गोष्ट, "स्टार्ट होत नाही" यात दोन एकदम वेगळ्या तक्रारी असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे सेल्फ रडत रडत फिरतो, इंजिन जड जातं. तो करंटचा प्रश्न, बॅटरी, वायरी, सेल्फ मोटर. दुसरी म्हणजे सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही. तिथे करंट पोचतोय, नाही पोचत ती एकतर गरमी नाहीतर डिझेल. तुमची दुसरी आहे, त्यामुळे नवीन बॅटरी टाकून फरक पडणारच नव्हता.

आता धूर. हे कुणी बघतच नाही, पण डिझेल गाडीत पहाटेचा धूर सगळं सांगतो. सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाला बॅटरी घेऊन सायलेन्सरपाशी उभं करा (म्हणजे टॉर्च हो, गाडीची नाही). पांढरा, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. आणि सेल्फ फिरतोय, धूर मात्र अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाहीये. तुमचा धूर पांढरा, म्हणजे डिझेल येतंय, गरमी कमी पडतेय. संशय सरळ हीटर प्लगवर जातो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो हे तुम्हाला माहीत आहेच. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं, सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून चटका देतो ना, तोच प्रकार. डिझेल आपोआप पेटायला हवा अडीचशे अंशांच्या बरीच वर जावी लागते. आता इंजिन रात्रभर थंडीत पडलंय, निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, तेव्हा गार लोखंडी भिंती ती गरमी लगेच ओढून घेतात. जुन्या पिकअपमध्ये हवा दाबून मूळच्या अठराव्या ते बाविसाव्या हिश्श्याएवढी करायचे, नव्या गाड्यांत पंधराव्या ते सतराव्या हिश्श्यावरच थांबतात, प्रदूषण आणि आवाज कमी व्हावा म्हणून. दाब कमी म्हणजे तेवढी गरमी कमी, आणि ती कसर भरून काढायचं काम हीटर प्लगचं. त्याचं टोक काही सेकंदांत हजार अंशांच्या आसपास जाऊन लाल होतं. म्हणून जुना माणूस म्हणतो ना की आमच्या जुन्या गाडीला हीटर नव्हता तरी पकडायची, ते खरंय, पण नव्या गाडीला तो न्याय लावू नका.

चारपैकी एक-दोन प्लग गेले असतील तर नेमकं तुमच्यासारखंच होतं, दोन-तीन सिलेंडर पकडतात, उरलेले कच्चं डिझेल पांढऱ्या धुरात फेकतात, इंजिन फडफडतं, मिनिटभरात भिंती तापल्या की सगळे कामाला लागतात. घरच्या घरी बघायचं असेल तर उद्या पहाटे चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, डॅशबोर्डवरची ती स्प्रिंगसारखी पिवळी खूण विझली की चावी बंद, परत ऑन, परत विझू द्या, असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. नेहमीपेक्षा लवकर पकडली तर हीटर प्लगकडेच चला. आणि हो, ती खूण येते आणि विझते म्हणजे प्लग चांगले असं अजिबात नाही! ती खूण कॉम्प्युटर वेळ मोजून विझवतो. काही गाड्यांत प्लग गेला की चेक लाइट लागते, सगळ्यांत लागतेच असं नाही.

तपासताना एक सांभाळा. मल्टीमीटरने प्लगचा रेझिस्टन्स बघायला सांगा, चांगला प्लग दोन ओहमच्या आतच दाखवतो, गेलेला असेल तर मीटर हलतच नाही. पण काही मिस्त्री प्लग काढून थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघतात, ती जुन्या गाडीची पद्धत. नव्या गाड्यांचे बरेच प्लग चार-पाच-सात व्होल्टवर चालणारे असतात, कंट्रोल युनिट त्यांना तुकड्या-तुकड्याने करंट देतं. त्यावर सरळ बारा व्होल्ट दिले की चांगला प्लग पण डोळ्यांदेखत जातो आणि मग मिस्त्री म्हणतो बघा, खराबच होता. दुसरं, प्लग इंजिन कोमट असताना, हाताने, सावकाश काढायचे. कार्बन धरून जाम बसलेले असतात, गनने फिरवले की आतच तुटतात आणि मग हेड उतरवायची वेळ येते. प्लग सगळे ठीक निघाले तर त्यांचा रिले किंवा कंट्रोल युनिट आणि तिथपर्यंतची वायर, उंदरांनी खाल्लेली असू शकते, शेतातल्या शेडला लावता ना गाडी.

आता इंजेक्टरबद्दल का नाही म्हणालो. कॉमन रेल गाडीत (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशरच्या नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं ती) इंजेक्टर उघडायला रेलमध्ये आधी साधारण दोनशे बारच्या आसपास प्रेशर तयार व्हावं लागतं, तोपर्यंत कॉम्प्युटर फवाराच सोडत नाही. इंजेक्टर झिजले की ते डिझेल रिटर्न पाइपातून मागे सोडून देतात आणि प्रेशर बनायला वेळ लागतो, हे खरं. पण हा त्रास सहसा गरम इंजिनाला जास्त होतो, कारण गरम डिझेल पातळ होऊन जास्त गळतं. तुमची गाडी गरम असताना लगेच पकडते म्हणताय, तिथेच इंजेक्टरवरचा संशय अर्धा उतरला. तरी खात्री हवी असेल तर रिटर्नच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडून कुठला इंजेक्टर जास्त मागे टाकतोय ते बघता येतं, तेवढ्यासाठी इंजेक्टर काढावे लागत नाहीत. ती टेस्ट न करता जो चारही बदला म्हणतो त्याच्याकडून गाडी घरी आणा.

प्रश्न : सर, आमची पिकअप भिलारहून स्ट्रॉबेरी घेऊन रात्री वाशीला जाते. मिस्टर चालवतात, हिशोब आणि गाडीची कामं माझ्याकडे असतात म्हणून मी लिहितेय. यावर्षी गाडी एक-दोन दिवस उभी राहिली की सेल्फ एकदम जड फिरतो, "खर्रर... खर्र..." आणि कधी कधी नुसतं टक् होऊन थांबतं. डॅशबोर्डचे लाइट मंद होतात. धक्का मारून चालू करतो. बॅटरी दोनच वर्षांची आहे. दुकानदार म्हणतो थंडीत असंच होतं.

उत्तर : ताई, थंडीत असंच होतं हे निम्मं उत्तर झालं. थंडीने बॅटरीची ताकद घटते हे खरं, शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा कमी आणि उणे अठराला जवळपास निम्मी. पण भिलारला अशी किती थंडी पडते, वेण्णा लेकपाशी कधीमधी दव गोठतं तेवढंच. धडधाकट बॅटरी तेवढ्याने मान टाकत नाही. थंडीने फक्त आधीपासूनचं दुखणं बाहेर काढलं.

मल्टीमीटर घ्या, दोन-चारशे रुपयांत मिळतो, तुमच्याकडे हिशोब आहे म्हणजे हेही जमेल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार उघडायच्या आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. १२.६ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, बाराच्या खाली म्हणजे रिकामीच समजा. मग मिस्टरांना सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलीय. दहाच्या वर राहूनसुद्धा सेल्फ जड फिरत असेल तर मात्र बॅटरीला दोष देऊ नका, करंट वाटेत अडतोय.

वाटेत म्हणजे कुठे, तर बहुतेक वेळा अर्थिंगच्या वायरीत. इंजिन आणि चासीला जोडणारी ती चपटी वायर, तिचं टोक गंजतं, वरून मातीचा थर बसतो, कुणाचं लक्ष जात नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं की अर्थिंग साफ करायला घ्या. घासून, घट्ट करून वर ग्रीस. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचं, आधी निगेटिव्ह काढायचं. हे सगळं बिनखर्चाचं काम आहे आणि माझ्या अंदाजाने सेल्फ जड फिरण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात, पण यात मिस्त्रीला काही सुटत नाही म्हणून तो ते शेवटी सुचवतो.

तुम्ही लिहिलंय की एक-दोन दिवस उभी राहिली कीच होतं. मग गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. जीपीएस ट्रॅकर, टेप, केबिनमधल्या निळ्या लायटी, मोबाइल चार्जर, हे सगळं चावीच्या आधीच्या लाइनवर जोडलेलं असतं, बसवणाऱ्याला तेच सोपं पडतं. सगळं बंद करून, दारं लॉक करून, अर्धा तास गाडी झोपू द्यायची आणि मग निगेटिव्हच्या वायरीत मीटर मध्ये लावून अँपिअर बघायचे, पन्नास मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. दोन-तीनशे निघालं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यावर आकडा धपकन पडेल तोच चोर. हे इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तरी चालेल, पण समोर उभं राहून.

अजून एक, सेल्फ दोन-अडीचशे अँपिअरच्या वर ओढतो आणि त्याच्या आधी हीटर प्लगनेही बॅटरीतून चांगलाच करंट खाल्लेला असतो. त्यात व्होल्ट फार पडले की कॉम्प्युटरच क्षणभर बंद पडतो, मग सेल्फ फिरत असला तरी इंजिन पकडत नाही. म्हणजे बघा, करंटचा प्रॉब्लेम डिझेलचा वाटायला लागतो. म्हणून स्टार्ट करताना हेडलाइट, ब्लोअर बंद आणि क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्समधलं गार घट्ट ऑइल सेल्फला घुसळावं लागत नाही.

धक्का स्टार्टचं सांगायचं तर उतारावर एखाद्या वेळी ठीक, रोज नको. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये जातं, आणि बॅटरी पूर्ण मेली असेल तर कॉम्प्युटरच चालू होत नाही, कितीही जण ढकला. जंप स्टार्ट करताना बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा चौकोनी सेन्सर दिसला तर त्यावर क्लिप लावायची नाही, इंजिनच्या लोखंडावर लावायची.

प्रश्न : काका, धुळ्यात थंडी लई पडलीय. आमचे शेजारी म्हणतात डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळ, पटकन पकडते. दुसरा म्हणतो हवेच्या पाइपात स्प्रे मार. आणि आमचे आजोबा सांगतात ट्रक होता तेव्हा खाली टेंभा धरायचे. काय करू?

उत्तर : तिन्ही नको.

रॉकेल जुन्या पंपाने पचवलं, नव्या गाडीचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच चिकटपणावर वंगण घेतो. रॉकेल कोरडं, आतले भाग घासतात, त्यांचा बारीक लोखंडी चुरा रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये जातो आणि मग खरोखर सगळंच बदलावं लागतं. आणि रेशनचं निळं रॉकेल गाडीत घालणं गुन्हा आहे तो वेगळाच. स्प्रेमध्ये ईथर असतं, आत हीटर प्लग लाल झालेला असताना तो वाफारा गेला की वेळेच्या आधीच भडका, पिस्टनचं काय होईल ते सांगता येत नाही. आणि टेंभा! आजोबांचा ट्रक सगळा लोखंडाचा होता बाळा, तुझ्या गाडीखाली प्लास्टिकच्या डिझेल नळ्या आणि वायरिंगची जुडी लटकतेय.

आपल्या थंडीत डिझेल गोठत नाही, ते डोक्यातून काढून टाक. हिवाळ्यात येणारं डिझेल सहा अंश किंवा त्याहून खालच्या तापमानापर्यंत फिल्टरमधून वाहतं राहावं असा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) निकष आहे, उन्हाळ्याच्या डिझेलला तोच अठरा अंश आहे. धुळ्यात एखाद्या पहाटे पारा त्याच्याही खाली गेला तरी टाकीतलं शेदोनशे किलोमीटरचं डिझेल हवेइतकं गार व्हायला रात्र पुरत नाही. तू जर पंपाऐवजी शेडमधल्या ड्रममधून डिझेल भरत असशील तर मात्र वेगळं, ड्रममध्ये दव धरून पाणी साठतं, ते फिल्टरच्या तळाशी जमतं. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून पाणी सोडून दे, निघतं किती ते बघूनच कळेल. आणि पहाटे सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप दाबून बघ. दोन-तीन दाबांत कडक झाला तर ठीक. फुसका लागतोय आणि दहा-बारा वेळा दाबल्यावर गाडी लगेच पकडतेय, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतंय, कुठेतरी हवा धरतेय. फिल्टर बदलताना जुनंच रबरी वायसर परत बसवलं असेल, बहुतेक वेळा तेच असतं. यात धूर येत नाही हं, वर निफाडच्या भाऊंना सांगितलंय ते वाच.

प्रश्न : आम्ही पुण्याचे चार मित्र जानेवारीत लेहला चाललोय, फोर बाय फोर डिझेल पिकअप आहे, एकदम कंडिशनमध्ये. तिथे उणे वीस असतं म्हणे. सकाळी स्टार्ट होईल ना? इंजिन ऑइल पातळ टाकू का?

उत्तर : होईल, पण इथे वर लिहिलेलं अर्धं उलटं होतं, कारण तिथे डिझेल खरोखर गोठतं. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत त्याचे कण धरतात, आधी फिल्टर चोंदतो आणि मग अख्खं डिझेल घट्ट होतं. हीटर प्लग, बॅटरी, सगळं नवं कोरं असलं तरी डिझेलच येत नसेल तर काय करणार. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी खास विंटर ग्रेड डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. म्हणजे प्रश्न तिथल्या डिझेलचा नाही, तुम्ही खालून टाकीत नेलेल्याचा आहे. मैदानातलं डिझेल वर पोचेपर्यंत जमेल तेवढं संपवत न्या, अगदी रिकामी टाकी करून घाटात अडकू नका म्हणजे झालं, आणि विंटर डिझेल मिळेल त्या पहिल्या पंपावर भरून पंचवीस-तीस किलोमीटर चालवा. नुसतं भरून गाडी उभी केली तर नळ्यांत आणि फिल्टरमध्ये जुनंच राहतं आणि सकाळी तेच गोठलेलं सापडतं. हे लोकांच्या लक्षात येत नाही.

ऑइलचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीला पाच-डब्ल्यू-तीस चालत असेल तर जायच्या आधी तेच टाका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा, पंधरावाल्याची सेल्फवर फिरायची चाचणी उणे वीसला घेतात, पाचवाल्याची उणे तीसला. इथे पुण्यात दोन्हींत फारसा फरक कळणार नाही, लेहला पहाटे सहाला कळेल. फक्त ते सायलेन्सरमध्ये फिल्टर असलेल्या गाडीला चालणारं, कमी राखेचं असावं, डब्यावरचं मानक मॅन्युअलशी जुळवा.

त्याहून मोठी भानगड कूलंट. पुण्यात रेडिएटरमध्ये वरून साधं पाणी ओतत राहायची आपल्याला सवय, उणे वीसला ते गोठून फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो, मग स्टार्ट होण्याचा प्रश्नच मिटला. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. निघायच्या आधी पूर्ण बदलून घ्या. काच धुवायच्या टाकीतलं पाणीसुद्धा. गाडीला यूरियाची (धूर साफ करायच्या द्रावणाची) टाकी असेल तर तो उणे अकराला गोठतो, घाबरू नका, त्याला स्वतःचा हीटर असतो आणि त्याच्यामुळे स्टार्टिंग अडत नाही.

रात्री गाडी भिंतीच्या आडोशाला, तोंड पूर्वेला करून. हँडब्रेक लावू नका, गोठून धरून बसतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. सकाळी हीटरची खूण दोन-तीनदा होऊ द्या, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं म्हणजे मोटर जळत नाही आणि बॅटरीला पण दम घ्यायला मिळतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर नवीनच घालून जा. मधल्या रात्री उठून इंजिन चालू करून ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, विंटर डिझेल असेल तर त्याची गरज पडू नये, आणि बंद शेडमध्ये तर अजिबात करू नका, धुराने माणसं मरतात.

प्रश्न : नमस्कार, मी मूळ सोलापूरचा, सध्या कॅनडात एडमंटनला. पेट्रोल पिकअप घेतलीय, मोठी व्ही-आठ. उणे तीसला सकाळी सेल्फ फार हळू फिरतो आणि चालू झाल्यावर दोन-तीन सेकंद खडखडते. समोर बंपरमधून एक प्लगची वायर लोंबतेय, ती काय आहे हे विचारायला लाज वाटतेय इथे कुणाला.

उत्तर : सोलापूरहून थेट उणे तीस! लाजू नका, ती वायरच तुमचं उत्तर आहे. तो ब्लॉक हीटर, इंजिनच्या कूलंटमध्ये बसवलेला विजेचा हीटर, आपल्या पाणी तापवायच्या कॉइलचाच भाऊ. तुमच्याकडे पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट दिसत असतील ते त्याच्यासाठीच. निघायच्या तीन-चार तास आधी चालू झाला की पुरतो, रात्रभर नको, बिल वाढतं, बाहेर वापरायचा टायमर लावून टाका. लावायच्या आधी वायर कुठे कुरतडलेली नाही ना बघा.

पेट्रोल इंजिनाला हीटर प्लगची भानगड नसते, स्पार्क असतोच, त्यामुळे तुमचा प्रश्न निव्वळ ऑइल आणि बॅटरीचा. उणे तीसला ऑइल काकवीसारखं होतं, ते ढवळायला सेल्फला ताकद जास्त लागते आणि नेमकी तेव्हाच बॅटरीत ती निम्म्याहून कमी उरलेली असते. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर शून्य-डब्ल्यूचं ऑइल. बॅटरी घेताना तिथे सीसीएचा आकडा लिहिलेला असतो, उणे अठराला ती किती अँपिअर देऊ शकते तो, कंपनीने सांगितलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका. दोन-तीन सेकंदांची खडखड म्हणजे वरच्या भागापर्यंत ऑइल पोचायला लागलेला वेळ, ब्लॉक हीटर लावूनही राहिली किंवा लांबत गेली तर दाखवून घ्या. टाकी अर्ध्याच्या वर ठेवत जा, रिकाम्या टाकीत ओल धरते आणि ते पाणी नळीत गोठतं.

तुमचा मित्र डिझेल घेतोय असंही लिहिलंय, त्याला सांगा तिकडच्या २०२४ मॉडेलपर्यंतच्या कमिन्स इंजिनवाल्या पिकअपमध्ये प्रत्येक सिलेंडरला हीटर प्लग नसतो, आत जाणारी हवाच तापवणारी जाळी असते. डॅशवर थांबा म्हणून खूण असेपर्यंत थांबायचं, बटण दाबूनही गाडी लगेच सेल्फ मारत नसेल तर ती बिघडलेली नाही, वाट बघतेय.

प्रश्न : सकाळी डिझेल पिकअप किती वेळ चालू ठेवून गरम करायची? आमचा ड्रायव्हर पंधरा-वीस मिनिटं रेस करत बसतो. (चाकण)

उत्तर : त्याला चहा प्यायला वेळ हवाय, गाडीला नकोय. आपल्या थंडीत अर्धा-एक मिनिट आयडलवर पुरे, तेवढ्यात ऑइल टर्बोपर्यंत पोचतं, मग पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने. उभ्या गाडीत इंजिन नीट तापतच नाही, उलट काजळी साठून सायलेन्सरमधला डीपीएफ फिल्टर लवकर भरतो आणि तो जाळून साफ करताना थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, बदला. आणि गार इंजिनाची रेस करणं तर पहिलं बंद करा.

प्रश्न : माझी सीएनजी-पेट्रोल पिकअप आहे. थंडीत पेट्रोलवर दोन-तीन सेल्फला पकडते, सीएनजीवर गेल्यावर झटके देते. पेट्रोल मी शंभरचंच टाकतो, लागतंच कुठे. (तळेगाव)

उत्तर : लागतं ना, रोज सकाळी लागतं. बहुतेक सीएनजी गाड्या स्टार्ट पेट्रोलवरच होतात आणि इंजिन थोडं तापलं की गॅसवर जातात. सिलेंडरमध्ये गॅस दोनशे बारला भरलेला असतो, तो रेग्युलेटरमध्ये एकदम सैल सुटला की प्रचंड गार होतो, म्हणून रेग्युलेटरला इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. कूलंट कमी असेल किंवा तुम्ही बटण दाबून घाईने गॅसवर टाकत असाल तर रेग्युलेटर बर्फासारखा होतो आणि झटके बसतात. तर आधी कूलंटची पातळी बघा. पेट्रोलचं म्हणाल तर शंभर रुपयांचं पेट्रोल टाकीच्या तळाशी महिनोन्‌महिने पडून शिळं होतं, त्यातला लवकर पेटणारा हलका भाग उडून जातो, थंडीत पकडायला तोच तर हवा असतो. त्यात पंप अर्धा कोरडा फिरून लवकर जातो. टाकीत नेहमी पाव तरी पेट्रोल ठेवा, आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवरच चालवा म्हणजे जुनं संपत राहील, आणि स्पार्क प्लग बदलून किती दिवस झाले ते बघा, सीएनजीवर ते पेट्रोलपेक्षा लवकर झिजतात. एवढं करून पुढच्या थंडीतही तसंच राहिलं तर पेट्रोल पंपाचं प्रेशर मोजून घ्या आणि तो आकडा मला लिहून पाठवा.